कच्ची वही

चित्रकलेच्या तासाला वर्गात कोरे कागद वाटले जातात, शिक्षक फळ्यावर विषय लिहितात आणि वर्ग कामाला लागतो. काही मुले लगेच पेन्सिल चालवू लागतात. काही मात्र पेन्सिलीला टोक करीत बसतात, शेजाऱ्याच्या कागदाकडे डोकावतात, खिडकीबाहेर पाहतात आणि तास संपता संपता कोरा कागदच परत करतात. "काही सुचलेच नाही," हे त्यांचे उत्तर असते. या उत्तरात खोटे काही नसते. परंतु त्यावरून ती मुले स्वतःविषयी जो निष्कर्ष काढतात, तो तपासून पाहण्याजोगा आहे. आपल्याला सुचत नाही, त्या अर्थी आपल्या अंगी कला नाही, असे ती मनाशी ठरवून टाकतात. आणि एकदा असे ठरले की पुढे कित्येकजण आयुष्यभर चित्राच्या वाटेला जात नाहीत.

हा निष्कर्ष मुलांनी स्वतः शोधून काढलेला नसतो. मोठी माणसेच तो त्यांना पुरवितात. कवीला कविता स्फुरते, गायकाला चाल सुचते, चित्रकाराच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, असे आपण नेहमी बोलतो. बोलण्यापुरते ते ठीक आहे. पण ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, कलाकृती म्हणजे आकाशातून पडणारा पाऊस होय. ज्याच्या अंगणात पडला तो भाग्यवान, इतरांनी नुसते आभाळाकडे पाहत राहावे. थोर कलावंतांनी आपल्या कामाला आरंभ कसा केला, हे जवळून पाहिले तर ही समजूत फारशी टिकत नाही.

या समजुतीला खतपाणी घालणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. मोझार्ट (१७५६–१७९१) या थोर युरोपीय संगीतकाराच्या नावावर एक पत्र प्रसिद्ध आहे. संपूर्ण रचना आपल्याला मनातल्या मनात एकदम ऐकू येते व नंतर ती केवळ कागदावर उतरवावी लागते, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. हे पत्र १८१५ मध्ये, म्हणजे मोझार्टच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, जर्मनीतील एका संगीतविषयक नियतकालिकात छापले गेले. पुढे अभ्यासकांनी ते बनावट ठरविले. मोझार्टने अर्धवट सोडून दिलेल्या रचना आणि त्याचे कच्चे आराखडे आज उपलब्ध आहेत. इतकेच नव्हे, तर चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या आपल्या सहा रचना १७८५ मध्ये हायडन या ज्येष्ठ संगीतकाराला अर्पण करताना, त्या दीर्घ परिश्रमांचे फळ आहेत, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. खोट्या पत्राला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी या खऱ्या अर्पणपत्रिकेला मिळाली नाही. लोकांना चमत्काराची गोष्ट आवडते, त्याला काय करावे!

बेथोव्हेन (१७७०–१८२७) याच्या बाबतीत तर पुरावा इतका भरपूर आहे की, वादाला जागाच उरत नाही. जर्मनीत बॉन येथे जन्मलेला हा संगीतकार १७९२ मध्ये व्हिएन्ना शहरी आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. घरे मात्र तो सारखी बदलीत असे. या बिऱ्हाडपालटांत एक गठ्ठा त्याने कधी टाकून दिला नाही. तो गठ्ठा त्याच्या कच्च्या वह्यांचा होता. मेजावर लिहिण्यासाठी मोठ्या वह्या असत, फिरायला जाताना खिशात घालण्यासाठी लहान वह्या असत. मेजावर शाईचे लेखन, वाटेवर शिसपेन्सिलीचे. त्याच्या मृत्यूनंतर या वह्या लिलावात विकल्या गेल्या, कित्येकांची पाने सुटी होऊन देशोदेशी पांगली. तरीही आज हजारो पाने शिल्लक आहेत.

ही पाने पाहणाऱ्याची प्रथम निराशाच होते. अक्षर वेडेवाकडे, काट मारलेल्या ओळी, मध्येच सोडून दिलेले तुकडे! शाळेत अशी वही दाखविली तर 'पुन्हा लिहून आणावे' हा शेरा ठरलेला. परंतु एकोणिसाव्या शतकात नोटेबोम नावाच्या विद्वानाने ती पाने मोठ्या चिकाटीने वाचली, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट जगापुढे आली. पुढे ज्या चालींनी लोकांना वेड लावले, त्यांतील कित्येक चाली आरंभी अगदी सामान्य होत्या. बेथोव्हेन एक ओळ लिही, ती खोडी, एखादा स्वर बदली, पुन्हा खोडी. आणि असे करता करता चालीचे रूप हळूहळू उजळत जाई.

त्याच्या नवव्या सिंफनीच्या अखेरीस येणारे आनंदाचे गीत हे याचे उत्तम उदाहरण आहे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली दीर्घ रचना. ही नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. शिलर या जर्मन कवीच्या ज्या कवितेला तिच्यात चाल लावली आहे, तिला चाल लावण्याचा मनोदय बेथोव्हेनच्या मनात त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे होता. एवढ्या काळात कविता होती, इच्छा होती, संगीतकाराची कीर्तीही दिगंतात पसरली होती. नव्हती ती फक्त चाल. आणि अखेर ती मिळाली तेव्हा कशी निघाली? इतकी सोपी की, हार्मोनियमवर नुकतीच बोटे ठेवू लागलेल्या मुलालाही ती थोड्या सरावाने वाजविता यावी. जवळजवळ सगळी चाल लगतच्या पाच स्वरांतच फिरते. ऐकणाऱ्याला वाटते, यात सुचण्यासारखे ते काय! वह्या मात्र सांगतात की, या सोपेपणापर्यंत पोचण्यासाठी आधी अनेक ओळी लिहून पाहाव्या आणि सोडून द्याव्या लागल्या. त्या वेळी बेथोव्हेनला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. वह्यांची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

कलाकृतीचा जन्म कच्च्या वहीत होतो आणि तिचे पहिले रूप बहुधा ओबडधोबड असते, एवढे यावरून मान्य करावे लागेल. पण कोरा कागद परत करणारा मुलगा एवढ्याने गप्प बसणार नाही. तो म्हणेल, "वेडीवाकडी रेघ काढायलाही काहीतरी सुचावे लागतेच की! ती पहिली रेघ कोठून आणावी?" त्याचा प्रश्न रास्त आहे.

इटलीचा थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने या प्रश्नाला एक गमतीदार उत्तर देऊन ठेवले आहे. डाग पडलेल्या जुन्या भिंतींकडे टक लावून पाहावे, असा सल्ला त्याने चित्रकारांना दिला. पाहता पाहता त्या डागांत डोंगर, नद्या, झाडे, लढणारी माणसे, चित्रविचित्र चेहरे दिसू लागतात, असे त्याचे म्हणणे होते. कोकणातील मुलांना हा सल्ला नवा वाटणार नाही. पावसाळ्यात ओल चढलेल्या भिंतीवर उंट, गलबते आणि म्हाताऱ्या बायका कोणी पाहिल्या नाहीत? फरक एवढाच की, मुले ते पाहून विसरून जातात आणि चित्रकार ते कागदावर उतरवितो.

भिंतीवरच्या डागापेक्षाही नवल वाटावे असा आरंभ रवींद्रनाथ ठाकूर यांच्या चित्रकलेचा आहे. रवींद्रनाथांचा जन्म १८६१ मध्ये झाला. कवी म्हणून त्यांची कीर्ती जगभर झाली, १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चित्रकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. कविता लिहिताना त्यांना एक सवय होती. खोडलेला शब्द ते तसाच राहू देत नसत. एका काटेला दुसरी काट जोडीत, त्यांच्या भोवती वळणे काढीत, आणि त्या खाडाखोडीतून एखादा पक्षी, एखादा विचित्र प्राणी किंवा एखादा मुखवटा पानावर अवतरे. १९२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात ते आजारी पडले आणि अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसजवळ विश्रांतीसाठी राहिले. तेथे 'पूरबी' या संग्रहातील कविता लिहिताना त्यांच्या वहीत ही चित्रे जागोजाग उमटली. त्यांची यजमानीण व्हिक्तोरिया ओकाम्पो ही स्वतः लेखिका होती. ती वही पाहून ती थक्क झाली. पुढे १९३० मध्ये पॅरिस येथे रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, ते भरविण्यात तिचाच पुढाकार होता. त्या वेळी रवींद्रनाथांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे निर्माण झाली होती.

चुकलेल्या शब्दांतून ही सारी चित्रसृष्टी उगवली, ही गोष्ट शाळांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शाळेत खाडाखोडीचे गुण कापले जातात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता तो नियम योग्यच आहे. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. परंतु तोच नियम मुलाच्या प्रत्येक वहीला लावला तर मुलगा खोडावे लागेल असे काही लिहीतच नाही. खात्रीचे तेवढेच लिहितो, ठाऊक असलेले तेवढेच काढतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी झोपडी, हे चित्र वर्षानुवर्षे सर्व शाळांतून निघत आले आहे, त्याचे कारण हेच असावे. ते चित्र चुकत नाही! म्हणून प्रत्येक मुलाजवळ एक तरी वही अशी असावी की, जी कोणी तपासणार नाही, जिच्यावर गुण दिले जाणार नाहीत आणि जिच्यात कितीही काटाकाट झाली तरी कोणी रागावणार नाही.

अर्थात, कलावंताला नेहमीच असा मोकळा वेळ मिळतो असे नाही. पुष्कळदा त्याच्या कामाचा आरंभ दिनदर्शिकेने ठरविलेला असतो. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा १७२३ मध्ये जर्मनीतील लाइपझिग शहरी चर्चच्या संगीताचा प्रमुख म्हणून नेमला गेला. तेथील शाळेतील मुलांना गाणे शिकविणे हेही त्याचे काम होते. उपासनेसाठी दर रविवारी गायक व वादकांनी सादर करावयाची रचना त्याला सिद्ध ठेवावी लागे. वर्षातील काही व्रताचे रविवार तेवढे सुटत. पहिल्या काही वर्षांत तर त्याने जवळजवळ दर आठवड्याला एक नवी रचना केली. सोमवारी स्फूर्ती आली नाही म्हणून रविवार थांबणार नव्हता. कोरा कागद पुढे घेतल्यावर बाख अनेकदा त्याच्या माथ्यावर दोन आद्याक्षरे लिही. 'येशू, साहाय्य कर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होती. मराठी माणूस पत्राच्या वा वहीच्या माथ्यावर 'श्री' लिहितो, त्याच जातीची ही रीत आहे. यात श्रद्धा आहेच. शिवाय एक सोयही आहे. माथ्यावर दोन अक्षरे उमटली की कागद कोरा राहत नाही.

असाच नेम महाराष्ट्रानेही एकदा अनुभवला आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी गीत लिहावे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल द्यावी आणि ठरलेल्या दिवशी ते लोकांनी ऐकावे, असा क्रम वर्षभर चालला. अशी छप्पन्न गीते झाली. आठवडा संपला की दुसरे गीत हवेच. ज्यांनी ही गीते ऐकली आहेत, त्यांना त्यांत कोठेही घाई जाणवत नाही. ठरलेला दिवस कलेचा शत्रू असतो असे मानणाऱ्यांनी बाख आणि गीतरामायण या दोहोंचा विचार अवश्य करावा.

याच्या अगदी उलट परिस्थितीही एखाद्याच्या वाट्याला येते. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) हे लहानपणापासून गाजलेले गायक. ऐन तारुण्यात त्यांना क्षयरोगाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये माळव्यातील देवास या गावी राहावयास गेले. गाण्याची सक्त मनाई होती. गायकाने काही वर्षे गावयाचे नाही, याहून कठीण शिक्षा कोणती? त्या काळात ते अंथरुणावर पडून ऐकत राहिले. आसपासच्या बायका सणासुदीला, लग्नकार्यात जी माळवी गाणी म्हणत, ती त्यांच्या कानी पडत. लोकगीताच्या तीन-चार स्वरांच्या धुनेत रागाचे बीज कसे दडलेले असते, याचा शोध त्यांनी त्या गाण्यांत घेतला. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले, आणि त्यांच्या रचनांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. एरवी गाण्याच्या धावपळीत जे कानावरून गेले असते, ते सक्तीच्या मौनात कानात राहिले. येथे कच्ची वही कागदाची नव्हती, एवढेच.

स्फूर्तीचा क्षण मुळी नसतोच, असे मात्र कोणी म्हणू नये. तो असतो; आणि त्याचे एक सुंदर उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९११ मध्ये मुंबईत गिरगाव भागातील एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट दाखविला जात होता. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके तो पाहावयास गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशाच्या पुराणकथा अशा पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. हा क्षण प्रसिद्ध आहे आणि तो खरा आहे. परंतु त्या तंबूत त्या दिवशी इतरही माणसे बसली होती. तीच चित्रे त्यांनीही पाहिली. कदाचित त्यांच्यापैकी आणखी कोणाला राम-कृष्ण आठवलेही असतील. ती माणसे घरी गेली, जेवली आणि झोपली.

फाळके तसे झोपले नाहीत. ते पुन्हा पुन्हा चित्रपट पाहू लागले, मिळतील ती पुस्तके वाचू लागले, लहानसे यंत्र आणून घरी प्रयोग करू लागले. डोळ्यांना इतका ताण पडला की, काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथे चित्रपटाची कला पाहून आले आणि कॅमेरा घेऊन परतले. आता राजा हरिश्चंद्राची कथा चित्रित करण्यास काय हरकत होती? हरकत पैशाची होती. कॅमेरा नावाच्या पेटीत भांडवल घालण्यास कोणी सहजासहजी तयार होईना. तेव्हा फाळक्यांनी राजाला, राणीला, ऋषीला आणि स्मशानाला तूर्त बाजूला ठेवले आणि एका कुंडीत वाटाणा पेरला.

त्या कुंडीसमोर कॅमेरा रोखून ते रोज थोडी थोडी चित्रे घेत गेले. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला होता. ती सर्व चित्रे सलग पडद्यावर दाखविली तेव्हा जमीन फुटून अंकुर वर येतो, वाढतो आणि त्याचा वेल होतो, हे सारे सुमारे एका मिनिटात डोळ्यांदेखत घडताना दिसले. वाटाण्याच्या त्या चित्रपटात गोष्ट नव्हती, नट नव्हते, पोशाख नव्हते. तरी तो पाहून पैसे पुरविणारे गृहस्थ पुढे आले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. तेवढ्यावर न थांबता त्या यंत्रांची कामेही शिकल्या आणि काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही करू लागल्या. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांपुढे आला. त्यासाठी आणलेल्या कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून करीत असत. दिवा लावला तर फिल्म वाया जाण्याचे भय असे.